भाऊजींचं चिलखत वाजतं: स्टेल्थ आणि पर्सेप्शन तुम्ही टेबलावर कसं चालवता?

पेठेतला_डीएम

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय दुखणं कळायचं नाही.

दर रविवारी दुपारी दोन ते सात आमच्याकडे डी अँड डी चालतं. (डंजन्स अँड ड्रॅगन्स: टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं खेळायची. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा.) पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, सगळी पात्रं चौथ्या लेव्हलची. रेंजर (रानातला वाटाड्या), विझार्ड (जादूगार), ड्रुइड (प्राण्याचं रूप घेऊ शकणारी), पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) आणि रोग. (देवनागरीत लिहिलं की आजारच वाटतो, म्हणून आम्ही त्याला सरळ 'चोर' म्हणतो. इथेही तेच लिहितो.) पॅलाडिन माझे भाऊजी खेळतात. सख्ख्या बहिणीचा नवरा. हा मुद्दा पुढे येणार आहे.

तर गेल्याच्या गेल्या रविवारी गावातल्या सावकाराच्या वाड्यातून गहाणखतांची पेटी पळवायची होती. वाडा मी हौसेने काढला होता. दोन चौक, मागे विहीर, माडीवर सावकाराची खोली, चार पहारेकरी. मंडळींनी दीड तास बेत आखला. विहिरीच्या बाजूने उतरायचं, गोठ्यातून आत, जिना, माडी. वहीच्या पानावर नकाशा, बाणबिण. मलाच कौतुक वाटलं. मग मी म्हणालो, टाका स्टेल्थ. (लपण्याचा विसाचा फासा, वर पात्राच्या कसबाचे आकडे.)

चोर २४. रेंजर १७. ड्रुइड १५. विझार्ड १३. आणि भाऊजी. चेन मेल, म्हणजे लोखंडी कड्यांचं चिलखत, अंगात, म्हणून डिसॲडव्हांटेज: दोन फासे टाकून लहान तो धरायचा. दोन फासे टाकले, १६ आणि ३. डेक्स्टेरिटीचं, म्हणजे चपळाईचं, वर काही मिळत नाही, म्हणजे एकूण ३.

इकडे मी चारही पहारेकऱ्यांचे पर्सेप्शनचे, म्हणजे बघण्या-ऐकण्याचे, फासे टाकले. एकाला १८ आले, वर २, झाले २०. म्हणजे चोर सोडून सगळेच दिसले. घंटा, आरडाओरडा, लढाई. दीड तासाचा बेत दहा सेकंदांत गोठ्यातच गाडला गेला. ड्रुइड खेळणारी मैत्रीण म्हणाली, "मग आपण बेत करतोच कशाला? डायरेक्ट दारच तोडत जाऊ."

पुढच्या रविवारी त्यांनी शहाणपणा केला. चोराला एकट्याला पुढे पाठवलं. तो पन्नास मिनिटं छपरावर, खिडकीत, माळ्यावर. चौघे मोबाइलवर. भाऊजी स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांना फोडणी देऊन आले. पोहे उत्तम झाले होते, पण डीएम म्हणून ह्यात माझी शोभा काय राहिली?

भाऊजींना "तुम्ही बाहेर थांबा" असं कसं म्हणू? घरचे जावई आहेत हो.

दुसरं दुखणं पर्सेप्शनचं. मी म्हणतो, "सगळ्यांनी पर्सेप्शन टाका." पाचही जण टाकतात, पाचही जण पडतात. मी म्हणतो, "काही विशेष दिसत नाही." आणि लगेच विझार्ड म्हणतो, "मी उगाच जरा मागे वळून बघतो." उगाच! तलवारी बाहेर, ढाली वर. म्हणून मी पॅसिव्हवर, म्हणजे फासा न टाकता धरायच्या ठरीव आकड्यावर, गेलो, तर रेंजरचं पॅसिव्ह १५. मग सापळा १५ चा ठेवला तर तो सापडणारच आणि १६ चा ठेवला तर कधीच सापडणार नाही, हे मला शनिवारी रात्री लिहितानाच माहीत असतं. मग खेळायचं काय?

येत्या रविवारी पुन्हा त्याच वाड्यावर जायचंय. तुम्ही हे कसं चालवता?

शून्य_ते_वीस

तुझे पात्रांचे फासे ठीक आहेत, चूक तुझी आहे. रागावू नकोस, आकडे बघ.

एकेकट्याची सुटायची शक्यता ६० टक्के धर. पाचही जण सुटले तरच आत, असा हिशेब ठेवलास तर पाचही सुटण्याची शक्यता ७.८ टक्के. बारा-तेरा वेळा प्रयत्न केला की एकदा. वर तू पहारेकऱ्यांचे चार फासे टाकलेस. एका फाशाची सरासरी १०.५, पण चार फाशांतल्या सर्वांत मोठ्याची सरासरी साधारण १६.५. पाच फाशांतल्या सर्वांत लहानाची चारच्याही खाली. म्हणजे तू त्यांचा सर्वांत ढ गडी आपल्या सर्वांत हुशार गड्याशी लढवतोयस, आणि ते दर वेळी.

पुस्तकातच उपाय आहे, ग्रुप चेक. सगळे टाकतात, निम्मे किंवा जास्त पास झाले की सगळी टोळी पास. त्याच ६० टक्क्यांना आता ६८ टक्के मिळतात. आणि झोपाळू पहारेकऱ्याचा फासा टाकायचाच नाही, त्याचं पॅसिव्ह धरायचं. साध्या गार्डचं १२ असतं. आता तुझे त्या दिवशीचे आकडे पुन्हा वाच: २४, १७, १५, १३, ३. चौघे पास. भाऊजींसकट आत गेला असतात.

शिवाय मशालीचा स्वच्छ उजेड २० फूट, पुढचे २० फूट अंधुक. अंधुकात डोळ्याने बघायला डिसॲडव्हांटेज, म्हणजे पॅसिव्ह ५ ने कमी. १२ चे ७. भाऊजी तिथून दोन फासे टाकूनही जवळपास निम्म्या वेळा सुटतात.

२०२४ ची पुस्तकं घेतलीस तर लपायला आधी १५ गाठावे लागतात आणि जो आकडा येईल तो शोधणाऱ्याला गाठावा लागतो. तेही बरं आहे. बाकी चालू दे.

जुनाट_फासा

फासाच कशाला टाकता, हा माझा प्रश्न आहे. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीत पहिल्या लेव्हलच्या चोराला न वाजता चालायला १५ टक्के आणि सावलीत लपायला १० टक्के होते. दहा टक्के! लोक हसतात. पण आमच्या टेबलावर त्याचा अर्थ असा होता की रांजणामागे बसलं तर कोणीही लपतो, त्याला फासा लागत नाही. ते दहा टक्के समोर रांजण नाही, खांब नाही, नुसती सावली आहे तेव्हाचे. मी खेळाडूला एवढंच विचारतो: कुठे लपलास, पाय कुठे टाकलास, दिवा कुणाच्या हातात आहे? नीट सांगितलंस तर गेलास आत. तुझी मंडळी दीड तास बेत आखतात आणि तू त्यांना विसाचा फासा दाखवतोस. त्या बेताला काही किंमत द्यायची की नाही?

कळव्याची_काकू

जुनाट_फासा, तुमचं बेताच्या किमतीचं पटलं. बाकीचं अर्धंच. माझ्या टेबलावर एक मुलगी येते, फार कमी बोलते, आणि खेळात तिचं पात्र सगळ्यांत बिलंदर आहे. तिने वर्णन करून दाखवल्याशिवाय लपता येणार नाही असं म्हटलं तर बोलघेवडा पोरगा दर वेळी चोर होणार आणि ती कायम मशाल धरणार. फासा तिच्यासाठी आहे.

शून्य_ते_वीस, तुझे आकडे बरोबर आहेत, पण एक निसटलं. अंधुक उजेडाची सूट डोळ्यांना आहे, कानांना नाही. चेन मेल दिसतं म्हणून नव्हे, वाजतं म्हणून अडचण आहे. तेव्हा ते १२ चे ७ भाऊजींना मिळायचे नाहीत, म्हणजे निदान मी देणार नाही.

आता पेठेतला, तुझ्यासाठी. मी २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून टेबल चालवतेय. तेव्हा तर लपायचा फासा वेगळा आणि न वाजता चालायचा वेगळा, तिकडून बघायचा वेगळा आणि ऐकायचा वेगळा. त्यात कोणीही कुठेही पोचत नसे. पुढे दोन्हीकडचे जोडले गेले, फासे कमी झाले, पण तुझं दुखणं तेच राहिलं. तू 'लपला' आणि 'दिसला' ह्या दोनच गोष्टी मानतोस. आपल्या भाषेत ह्या दोघांच्या मध्ये केवढी जागा आहे बघ. आधी चाहूल लागते. मग संशय येतो. मग शोध सुरू होतो. आणि मग बोंब. मी पडद्यामागे कागदावर हे चारच शब्द लिहिते आणि त्यावर एक चिंचोका ठेवते. टोळीचा फासा पडला की चिंचोका एक घर पुढे. पाच-सहाच्या वर फरकाने पडला तर दोन घरं. बोंबेच्या घरात गेल्याशिवाय तलवार निघत नाही. ब्लेड्स इन द डार्क नावाच्या खेळात ह्यासाठी वर्तुळाच्या चार, सहा किंवा आठ फोडी करून भरत जातात. तेही छान आहे. मला चिंचोका बरा वाटतो.

पण खरी गंमत घरात नाही, पहारेकऱ्यात आहे. चाहूल लागली की तो काय करतो, हे मी मोठ्याने सांगते. "तो तंबाखू मळता मळता थांबतो. मान वळवत नाही, नुसता थांबतो." एवढंच. आता खेळाडूंनी काहीतरी करायचं. टेबल कसं गप्प होतं बघ.

माणूस चाहूल लागल्या लागल्या बोंब मारत नाही, त्याला आधी स्वतःची समजूत घालायची असते. लाल महालाचीच गोष्ट घे, १६६३ चा एप्रिल. मावळे मुदपाकखान्याच्या बाजूने शिरले, विटामातीने बुजवलेलं दार फोडत होते, कुदळींचा आवाज होतच होता. मुघलांकडच्या एका बखरकाराने लिहून ठेवलंय की चाकर आवाज ऐकून शाइस्तेखानाला सांगायला गेला, तर खानाने त्यालाच दटावलं: रमजान आहे, कोणी स्वयंपाकाला उठलं असेल. चाहूल लागली होती! कारण आयतं हाताशी होतं, म्हणून संशयापर्यंत गेलं नाही. तेव्हा खेळाडूंना विचार, "आवाज झालाच, तर पहारेकऱ्याने त्याचं काय कारण समजावं असं तुम्हाला वाटतं?" गोठा आहे ना तुझ्या वाड्यात? मग म्हैस आहे. म्हशीने साखळी ओढली. चेन मेलचा आवाज साखळीसारखाच येतो.

दुसरं असं की पहारेकरीही वाजतो. आमच्या जुन्या गल्लीत रात्री गुरखा काठी आपटत, शिट्टी मारत फिरायचा. लहानपणी मला वाटायचं, हा चोरांना सांगतोय की काय, मी आत्ता वाण्याच्या दुकानापाशी आहे म्हणून! तुझ्या पहारेकऱ्यांच्या हातात काठी दे. खेळाडूंना ठक ठक ऐकू येऊ दे, लांब जाताना, जवळ येताना. पर्सेप्शन म्हणजे सापळे शोधणं एवढंच नव्हे, कानोसा घेणंही आहे. ते त्यांना दर वेळी फासा न टाकता फुकट मिळू दे.

आणि "उगाच मागे वळून बघतो" ह्या रोगावर (खऱ्या रोगावर) औषध: खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाकडून विसाचे दहा-दहा फासे टाकून घ्यायचे आणि आकडे तुझ्या वहीत लिहायचे. गरज पडली की तू गुपचूप एक आकडा खोडायचास. पाथफाइंडर नावाच्या अशाच खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत तर असे फासे गुपचूप डीएमनेच टाकायचे असा नियमच आहे. सापळ्याचं म्हणशील तर फासा उलटा फिरव. सापळ्याला १५ की १६ हे शनिवारी ठरवूच नकोस. सापळा रचणारा किती कसबी, ते ठरव, समजा अधिक ५. रेंजर दारात आला की सापळ्याचा फासा टाक आणि त्याच्या पॅसिव्हशी लाव. तुलाही तेव्हाच कळेल.

लोखंडी_जावई

नमस्कार. मी भाऊजी.

बायकोने ही लिंक पाठवली. सोबत हसणारे चार चेहरे.

सगळं वाचलं. पोह्यांचं कौतुक केलंस त्याबद्दल आभारी आहे, पण खरं सांगतो, मला स्वयंपाकघरात जायचं नव्हतं. फासा पडला की सगळे माझ्याकडे बघतात, कोणी काही बोलत नाही, आणि ते न बोलणं जास्त लागतं. मी मागे एकदा चिलखत काढतो म्हणालो होतो, आठवतंय? तू म्हणालास पाच मिनिटं काढायला, दहा मिनिटं घालायला. नियम बरोबर आहे, पण मग मी सदऱ्यावर लढायला गेलो असतो आणि पहिल्याच भाल्यात आडवा झालो असतो.

काकूंनी लाल महाल काढला म्हणून सुचलं. त्या रात्रीची अशीही गोष्ट सांगतात की काही मंडळी लग्नाच्या वरातीतून शहरात शिरली होती. मला लपायचंच नाहीये. मला पुढच्या दाराने वाजत जायचंय. चालेल का?

एकच अडचण. माझ्या पॅलाडिनची शपथ डिव्होशनची आहे. खोटं बोलायचं नाही.

पेठेतला_डीएम

भाऊजी, तुम्ही इथे आहात हे माहीत असतं तर जरा सौम्य लिहिलं असतं. माफ करा. आणि ताईला सांगा, तिचा हिशेब मी दिवाळीत करीन.

काल रविवार झाला. काकू, चिंचोका घरात नव्हता, कवडी ठेवली. वृत्तान्त देतो.

भाऊजींनी सुरुवातीलाच सांगितलं, खोटी वरात नको. गावात खरं लग्न शोधायचं. माझ्या तयारीत लग्नबिग्न काही नव्हतं, पण ड्रुइडने बाजारात चौकशी केली तेव्हा तोंडातून निघून गेलं की कुंभाराच्या मुलीचं लग्न आहे, आणि त्या कुंभाराचंही गहाणखत सावकाराच्या त्याच पेटीत आहे. भाऊजींनी पदरचे १५ सोन्याचे तुकडे मोजले, वाजंत्री दुप्पट केली आणि वरात वाड्यावरून न्यायची गळ घातली. देवळाचा रस्ता तसाही तोच, असं मी म्हणालो. (नव्हता. नकाशा तिथल्या तिथे फिरवला.)

ढोल-ताशा दारात आल्यावर मी पहारेकऱ्यांचं ऐकण्यापुरतं पॅसिव्ह १२ चं ७ केलं. कानांना सूट मिळाली की हो, काकू! चार पहारेकऱ्यांपैकी दोघे पुढच्या दारात वरात बघायला. त्यातल्या एकाने भाऊजींना विचारलं, "कुणाचं लग्न?" भाऊजी छाती पुढे काढून म्हणाले, "कुंभाराच्या मुलीचं. मी तिच्या बाजूचा." सगळं खरं. मी डिसेप्शनचा (थाप मारण्याचा) फासा मागायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मागच्या बाजूने चौघे. ग्रुप चेक. चोर १९, रेंजर ९, ड्रुइड ६, विझार्ड ५. विहिरीपाशी ढोल तेवढा ऐकू येत नाही म्हणून तिथे १२ च धरला होता. चौघांत एक पास, म्हणजे टोळी नापास. दुसरा पास रेंजरचा हवा होता, तो तीनने हुकला, म्हणून एकच घर, कवडी 'चाहूल'वर. मी सांगितलं, "काठीची ठक ठक चालू होती. ती थांबली." खरंच गप्प झाले. विझार्ड, जो एरवी उगाच मागे वळून बघतो, तो श्वास रोखून बसला होता. स्वतःचा, खुर्चीत. मग ड्रुइड म्हणाली, "मी मांजर होते आणि पोहऱ्यावर उडी मारते." पोहरा विहिरीत धबाक. पहारेकरी म्हणाला, "हाड!" आणि ठक ठक पुन्हा सुरू.

पुढे जिन्यात कवडी 'संशया'पर्यंत गेली, माडीवर 'शोधा'वर. बोंबेवर गेलीच नाही. पेटी घेऊन खाली उतरायला एकूण पंचवीस मिनिटं लागली, आणि त्यात दर दोन मिनिटांनी मी पुढच्या दारात भाऊजींकडे येत होतो, कारण आता पहारेकऱ्यांना वरातीतले पेढे हवे होते आणि पेढे संपत आले होते. सगळ्यांत जास्त घाम त्यांनाच फुटला.

आधी टाकून घेतलेल्या फाशांचं एक सांगायचं राहिलं. चोराने आपले दहा आकडे लिहून देताना पाहून घेतले आणि पाठ केले. त्याला वाटलं आता त्याला सगळं आधीच कळेल. मी ते कुठल्या क्रमाने खोडतोय हे त्याला माहीत नाही. शेवटून सुरुवात केली होती.

जुनाट_फासा, गोठ्यात कोणाचाच फासा टाकला नाही. म्हशीमागे बसले, लपले. झालं.

आता पुढच्या रविवारची पंचाईत. कुंभाराने भाऊजींना मानाचं जेवायला बोलावलंय, त्याच पंगतीला सावकारही येणार आहे, पेटी कुठे गेली म्हणून विचारत. आणि भाऊजी खोटं बोलत नाहीत. इनसाइटचा (समोरच्याच्या मनातलं ओळखायचा) फासा सावकाराने टाकायचा की पॅसिव्ह धरायचं? शून्य_ते_वीस, असशील तर शनिवारच्या आत सांग.

लोखंडी_जावई

शनिवारच्या आत नको. मलाही वाचता येतं हे.